कलाकाराला पहिल्याच बैठकीला बोलवा

मार्च सरत आला की महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावी चौकात एक फलक लागतो. दहा बाय वीसचा फ्लेक्स. वरच्या अर्ध्या भागात मान्यवरांचे हसरे फोटो, मधे घाम पुसणारा सूर्य, आणि सगळ्यात खाली, जिथे अक्षरे बारीक होत जातात तिथे, 'दुपारी 12 ते 4 उन्हात जाऊ नका, भरपूर पाणी प्या'. त्याच चौकात दुपारी दोनला हमाल ट्रकमधून पोती उतरवत असतात आणि भाजीवाली ओल्या गोणपाटाखाली मेथी-कोथिंबीर झाकून बसलेली असते. सकाळपासून ती पाणी पिते तेही मोजून-मापून, कारण बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, आणि असली तर तिला कुलूप आहे. फलकात खोटे काही नाही. पण उन्हात न जाणे ज्याला जमते त्याला या फलकाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला ते जमत नाही. शिवाय फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड. पर्यावरणाचा संदेश देऊन झाला की ते कोणाच्या तरी गोठ्यावर नाहीतर कडब्याच्या गंजीवर जाऊन पडते, आणि खरे सांगायचे तर तिथे ते जास्त कामाला येते.

हा फलक बनवणाराही कलेचाच माणूस असतो. डीटीपीच्या दुकानात बसलेला, कदाचित चित्रकला रीतसर शिकलेला. त्याच्याकडे काम येते ते व्हॉट्सअ‍ॅपवर. मजकूर ठरलेला, फोटोंचा क्रम ठरलेला, मुदत उद्या सकाळची. पथनाट्यवाल्यांची गत फार वेगळी नाही. वीस मिनिटांचे काहीतरी बसवा, पाच ठिकाणी करा, फोटो पाठवा. शाहिराला सांगितले जाते की योजनेचे नाव चार वेळा तरी येऊ द्या. तेव्हा नगरपालिका आणि ग्रामपंचायती हवामानाच्या कामात कलावंतांना विचारत नाहीत, अशी तक्रार करता येत नाही. विचारतात, पण सगळे ठरून झाल्यावर, तोरण बांधायला. मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: कलावंताला ज्या बैठकीत समस्या कोणती आणि ती कोणाची हे ठरते, त्या पहिल्याच बैठकीला बोलवावे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एकीकडे मुख्याधिकारी, सरपंच, नगरसेवक, ग्रामसेवक. दुसरीकडे नाटकवाले, चित्रकार, मूर्तिकार, शाहीर, वास्तुरचनाकार, छोट्या फिल्म करणारी मुले.

अधिकाऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती अधिकाराची. हे आपल्या कक्षेत बसते का? बसते. 74व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवण्यासारखे 18 विषय दिले आहेत. त्यातला आठवा शहरी वनीकरण आणि पर्यावरण रक्षणाचा, तर तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. सामाजिक वनीकरण सहाव्या क्रमांकावर, सांस्कृतिक कार्य एकविसाव्यावर. घटनेने दोन्ही गोष्टी एकाच यादीत ठेवल्या. त्यांची कपाटे वेगळी केली ती आपण. उद्यान विभागाची फाइल एका मजल्यावर, सांस्कृतिक महोत्सवाची दुसऱ्या. राज्याने 2 ऑक्टोबर 2020 रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले तेव्हा त्याची मांडणी भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर केली. कार्बन उत्सर्जन, अनुकूलन, शमन असे शब्द गावापुढे ठेवण्याऐवजी आजीलाही माहीत असलेली पाच नावे घेतली. हा निर्णय प्रशासकीय आहेच, पण तितकाच तो भाषेचा, म्हणजे कलेचा आहे.

कलावंत आधी आला तर काय होते, याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका दाखला कोलंबियाची राजधानी बोगोटा इथला आहे. अंतानास मोकस हे गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक 1995 मध्ये तिथे महापौर झाले. वाहतूक शिस्तीसाठी त्यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे नट उभे केले ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण आपल्या कामाची गोष्ट 1997 ची आहे. शहराला पाणी आणणाऱ्या बोगद्याचा एक भाग कोसळला आणि पाण्याची टंचाई समोर दिसू लागली. प्रशासनाने आधी तेच केले जे कुठलेही प्रशासन करते: संकट गंभीर आहे, पाणी जपून वापरा, असे जाहीर केले. परिणाम उलटा झाला. वापर कमी होण्याऐवजी वाढला, कारण लोकांनी घाबरून पिंपे भरून ठेवली. माहिती खरी होती, इशारा वेळेवर होता, आणि तरी पाणी जास्त गेले. जनजागृती म्हणजे माहिती पोचवणे, असे मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने इथे क्षणभर थांबावे.

मग बोगोटाने डाव बदलला. शहर ज्या राखीव जलाशयावर तग धरून होते त्याचे नाव सान राफाएल. त्याच नावाच्या संताच्या चित्राचे स्टिकर घरोघरी वाटले गेले आणि ते नळापाशी चिकटवायला सांगितले गेले. विचार करा, फलक चौकात होता तोपर्यंत तो कोणाचाच नव्हता. तळहाताएवढा होऊन तोटीशेजारी आला तेव्हा तो अगदी योग्य क्षणी, अगदी योग्य माणसाला दिसू लागला. रोजचा एकूण वापर वर्तमानपत्रांत छापून येऊ लागला, त्यामुळे आपण वाचवलेल्या पाण्याचे काय झाले हे दुसऱ्या दिवशी कळे. सरकारी कार्यालयात फोन लावला तर वाट पाहताना शकिरासारख्या गायिकेच्या आवाजात पाणी वाचवल्याबद्दल आभार ऐकू येत. खुद्द महापौर पत्नीसह दूरचित्रवाणीवर शॉवरखाली उभे राहिले आणि साबण लावताना नळ बंद कसा करायचा ते दाखवले. सुमारे 4,000 तरुण स्वयंसेवक शहरभर समजावत फिरले. आणि बेसुमार वापर करणाऱ्यांसाठी दंड होताच. त्यांना पाणीबचतीच्या वर्गात बसावे लागे आणि एक दिवस जादा पाणीकपात सोसावी लागे. बोगदा दुरुस्त झाल्यावरही वापर पुष्कळ काळ खालीच राहिला.

यातले स्टिकर उचलून आपल्या गावात वाटायचे, असा याचा अर्थ काढू नका. महाराष्ट्रात अशी नक्कल नेहमी होते आणि ती नेहमी फसते. बोगोटाकडून घ्यायचा तो क्रम. निरोप कुठे पोचायला हवा, कोणाच्या तोंडून, दिवसाच्या कुठल्या क्षणी, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या कृतीचा परिणाम कसा दिसेल, हे प्रश्न तिथे आधी विचारले गेले. हे प्रश्न पाणीपुरवठा अभियंत्याच्या अभ्यासक्रमात नसतात. ते नाटकवाल्याच्या रोजच्या कामात असतात: नट कुठून यावा, दिवा कधी लागावा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसेल. आणि आपल्याकडची पाण्याची परीक्षा बोगोटापेक्षा कडक आहे, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. नळच कोरडा पडल्यावर स्टिकर लावून उपयोग नाही. कलेची वेळ त्याच्या दोन पावसाळे आधीची, कोणत्या पिकाला किती पाणी आणि कोणत्या वस्तीला किती, ही बोलणी चाललेली असतात तेव्हाची.

कलावंताने निर्णयाच्या आत शिरण्याचे दुसरे उदाहरण ब्राझीलमधले. नाट्यदिग्दर्शक आउगुस्तो बोआल 1993 ते 1996 या काळात रिओ द जानेरोचे नगरसेवक होते. त्यांच्या फोरम थिएटरची पद्धत साधी. रोजच्या अडचणीचा एक प्रवेश करून दाखवायचा, तो वाईट रीतीने संपवायचा, आणि मग पुन्हा सुरू करताना प्रेक्षकातल्या कोणीही 'थांबा' म्हणून मधे यायचे, पात्राची जागा घ्यायची आणि वेगळे काही करून पाहायचे. नगरसेवक झाल्यावर बोआल यांनी या खेळांतून निघालेल्या सूचना नोंदवून घेतल्या, वकिलांकडून त्यांना कायद्याची भाषा दिली आणि सभागृहात मांडल्या. त्यांच्या कारकिर्दीत असे 13 कायदे संमत झाले. पश्चिम बंगालमधली 'जन संस्कृती' ही संस्था 1985 पासून याच धर्तीचे काम खेड्यापाड्यांत करते आहे. आपल्या भाजीबाजारात असा एक प्रवेश करून पाहा. आरोग्य निरीक्षक येतो, भाजीवालीला म्हणतो, मावशी, पाणी प्या. दहा मिनिटांत कोणी ना कोणी बाई उठून कुलूप लावलेल्या मुतारीकडे बोट दाखवेल. उष्माघाताच्या आराखड्यातली पहिली ओळ तिथे बदलते. फलकाचा खर्च वाचतो आणि त्या पैशात स्वच्छतागृहाची देखभाल करणारी एक बाई तीन महिने ठेवता येते का, हा हिशेब सुरू होतो.

हे सगळे परदेशी वाटत असेल तर आपल्याच मातीत पाहू. गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसभर झाडलोट आणि रात्री कीर्तन. कीर्तनही एकतर्फी उपदेशाचे नव्हे. वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचा, लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे, आणि त्या उत्तरात त्यांनाच अडकवायचे. आधी हातांनी केलेले काम, मग त्या कामावरचे बोलणे. म्हणून बोलण्याला वजन होते. शासनाने 2000-01 मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले तेव्हा हजारो गावांनी हाती झाडू घेतला, तो या आठवणीच्या जोरावर. पुढे 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या 116 गावांत सुरू झाली. ती चालवणारी माणसे मुळात सिनेमा आणि दूरचित्रवाणीची. त्यांनी जाहिरात करण्याआधी घटनेची रचना केली: ठरावीक दिवसांचे श्रमदान, निवडक गावकऱ्यांचे प्रशिक्षण, गुण, चुरस, निकाल. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यांनी आधी गोष्टीचे कथानक बांधले. त्या कामातल्या काही बांधांवर, खोदाईच्या अतिरेकावर आणि मागाहूनच्या देखभालीवर जाणकारांनी आक्षेप घेतले, ते दुर्लक्षण्यासारखे नाहीत. त्यातून एक धडा मिळतो, त्याकडे पुढे येतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे. पहिली सूचना: 'हवामान बदल' हा विषय घेऊ नका, एक जागा आणि एक त्रास घ्या. बाजारपेठेतली दुपार. पत्र्याच्या घरांची एक गल्ली. ओढ्याकाठची वस्ती जिथे जुलैत गुडघाभर पाणी येते. घंटागाडीत ओला-सुका एकत्र टाकणारा एक प्रभाग. पहिल्या बैठकीला खात्याचा माणूस असावा, आशा सेविका असावी, ज्यांना त्रास होतो त्यांतली दोन माणसे असावीत आणि एक-दोन कलावंत. नगराध्यक्षांचे भाषण नसले तरी चालेल. त्या बैठकीत कलावंताने काही सादर करायचे नाही. पुढचा महिनाभर त्याने फक्त हिंडायचे, बसायचे, ऐकायचे आणि एक वही भरायची: लोक या त्रासाला काय म्हणतात, कोणावर विश्वास ठेवतात, काय करून पाहिले, का सोडले. पत्र्याच्या घरात दुपारी बाळाला कुठे निजवतात, हे कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात येत नाही. या वहीत येते. महिन्याने तो तीन कल्पना घेऊन येईल. त्यातली एक निवडा, लहान जागेत करून पाहा, मोडली तर दुसरी घ्या.

कल्पना कशा असू शकतात? अहमदाबादचे उदाहरण घेऊ. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत तिथे पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्यातून 2013 मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा उभा राहिला: हवामान खात्याकडून आगाऊ अंदाज, रंगांनी ओळखता येणारे इशारे, डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण, पाणपोया, दुपारी उघड्या ठेवलेल्या बागा, स्थानिक भाषेतली पत्रके. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम आले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार या आराखड्यानंतर वर्षाला सरासरी 1,190 मृत्यू टळले. हे श्रेय पत्रकांचे नाही, साऱ्या यंत्रणेचे आहे; पण यंत्रणा आणि माणूस यांच्यामधला शेवटचा हातभर रस्ता मात्र रंग, शब्द आणि आवाजानेच पार झाला. आपल्याकडे जळगाव, चंद्रपूर, सोलापूर या भागांत हा शेवटचा हात कोणता? माझ्या मते घंटागाडी. सकाळी दारोदार जाणारा, गाणे वाजवणारा, सगळ्यांना ओळखीचा असा दुसरा सरकारी आवाज नाही. इशाऱ्याच्या दिवशी त्या गाडीचे गाणे बदलू द्या. गावातल्याच गायिकेच्या आवाजात, गावच्या बोलीत दोन कडवी. लाल इशाऱ्याची चाल वेगळी, नारिंगीची वेगळी. चार दिवसांत पोरे ती चाल ओळखायला लागतील. खर्च एका ध्वनिमुद्रणाचा.

कोणाला बोलवायचे याबाबतही आपली यादी फार आखूड असते. पुण्या-मुंबईहून नाव असलेला माणूस आणण्याआधी गावात पाहा. साइनबोर्ड रंगवणारे जुने पेंटर फ्लेक्सने बेकार केले. शिडी, चुना आणि पत्र्याचे छप्पर यांची त्यांना जितकी माहिती तितकी कोणाला नाही, आणि छप्पर पांढरे करण्याच्या कामात ते कारागीर आणि कलावंत दोन्ही म्हणून उपयोगी पडतात. भारुड करणारी मंडळी, भजनी मंडळातल्या बायका, शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, लग्नाचे व्हिडिओ काढणारा मुलगा. मूर्तिकार तर मुद्दाम आठवा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून दरवर्षी वाद होतो, त्यात पेणपासून गावोगावच्या कारखानदारापर्यंत सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. शाडू वाळायला वेळ लागतो, मूर्ती जड होते, वाहतुकीत तडकते, पावसाळ्यात वाळवायला कोरडी जागा लागते. ही अडचण ज्याला माहीत आहे त्यालाच बैठकीला बोलावले जात नाही. पालिकेने मे महिन्यापासून एखादे रिकामे सभागृह मूर्ती वाळवायला दिले, तर भाद्रपदातल्या अर्ध्या पत्रकांची गरज उरणार नाही. अशी सूचना पर्यावरण विभागातून येणार नाही, मातीत हात असलेल्याकडूनच येईल.

पैशाचे बोलू, कारण घोडे तिथे पेंड खाते. कलावंताला 'मानधन' नावाचा शाल-श्रीफळाचा धाकटा भाऊ देऊन बोळवण करू नका. कामाचे दोन टप्पे करा: महिनाभराचे हिंडणे-ऐकणे हे वेगळे काम, त्याचे वेगळे पैसे, निर्मिती पुढचा टप्पा. असे केले नाही तर ऐकण्याचे काम फुकटात जाते आणि मग होतच नाही. निविदेत फक्त कमी दर पाहिला, ज्याला कचेरीत एल-वन म्हणतात, तर पुन्हा तोच डीटीपीचा फ्लेक्स मिळेल. सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि दर या दोन्हींना गुण देण्याची पद्धत सरकारात आहेच. ती इथे वापरता येते का, हे लेखापालाला आधीच विचारून घ्या, बिल अडल्यावर नको. आणि कलावंतांनो, तुम्हीही कागद मागा. किती दिवस, किती हप्ते, संहितेत बदल कोण सुचवू शकतो, चित्र किंवा गाणे दुसऱ्या गावात वापरायचे तर कोणाची परवानगी, भिंत दोन वर्षांनी पुन्हा रंगवायची जबाबदारी कोणाची. आचारसंहिता लागली की काम थांबते, त्याचेही एक वाक्य करारात असू द्या. तोंडी कामावर विसंबून सहा महिने बिलामागे फिरण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचे काम बरे.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा की, गटार तुंबलेले असताना नाटके कसली करता? आक्षेप रास्त आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. नालेसफाई झाली नसेल तर पूर-जागृतीचे पथनाट्य म्हणजे लोकांची थट्टा आहे. लोक ती ओळखतात, नटांवर राग काढतात, आणि कलावंताची गावातली पत पालिकेच्या खात्यावर खर्ची पडते. म्हणून एक नियम पाळा: ज्या कामासाठी अभियंत्याच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही, त्यावर कलावंताकडून काही करून घेऊ नका. कलावंतानेही तशी तरतूद दाखवा असे म्हणावे. पण याच आक्षेपाची दुसरी बाजू पाहा. नाला साफ झाला आणि आठ दिवसांत त्यात पुन्हा थर्माकोल, गाद्या, नारळाच्या करवंट्या आल्या, हे प्रत्येक शहराने पाहिले आहे. काम आणि कला यांतले एक निवडायचे, असा प्रश्नच नाही. गाडगेबाबांनी खराटा आणि कीर्तन यांत निवड केली नव्हती.

दुसरा आक्षेप कलावंतांच्या बाजूने येतो: पालिकेचे पैसे घेतले की आपण सरकारी भाट होणार. ही भीती खरी आहे, आणि करार कितीही चांगला असला तरी ती पूर्ण जात नाही. तरी एक फरक करता येतो. योजनेचे गुणगान करायला बोलावले असेल तर जाऊ नका. लोकांचे म्हणणे बाहेर काढायला बोलावले असेल तर जा, आणि जे निघेल ते सभेपुढे न कापता ठेवले जाईल हे लेखी घ्या. आपल्या भारुडांत आणि तमाशाच्या बतावणीत गावच्या पाटलाला चारचौघांत चिमटा काढण्याची मुभा होती, आणि पाटील पुढच्या रांगेत बसून हसत असे. एवढी मोकळीक आजचा नगराध्यक्ष देणार नसेल तर काम नाकारण्याचा अधिकार तुमचा आहे. अधिकाऱ्यांना मी सांगेन की मुतारीच्या कुलपाची गोष्ट नाटकात आली म्हणून नाटक बंद पाडू नका, कुलूप काढा. तक्रार पहिल्या बैठकीत आली तर ती सूचना असते, निवडणुकीच्या तोंडावर आली तर मात्र महागात पडते.

तिसरा आक्षेप विज्ञानाचा. कलावंत भावनेच्या भरात काहीही सांगतील. इथे वॉटर कपचा धडा कामी येतो: उत्साह मोठा झाला आणि जाणकाराचा हात सुटला की खड्डे चुकीच्या जागी पडतात. म्हणून प्रत्येक कलावंताची जोडी एका जाणकाराशी लावा. उष्णतेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, पाण्यासाठी भूजल खात्यातला किंवा महाविद्यालयातला भूगर्भशास्त्राचा माणूस. संहिता त्याने एकदा तपासावी, पण फक्त तथ्ये. विनोद कापण्याचा अधिकार त्याला नको. शिवाय चुका फक्त कलावंतच करतात असेही नाही. 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक आहे आणि भाजीवालीच्या दृष्टीने निरर्थक.

उरला मोजमापाचा प्रश्न, आणि इथे थोडी प्रामाणिकता हवी. 'पाच हजार नागरिकांपर्यंत संदेश पोचला' हे मोजमाप नव्हे, ते फोटोखालचे वाक्य आहे. काम सुरू करण्याआधीच्या महिन्यात एक आकडा मोजा आणि नंतर तोच आकडा पुन्हा मोजा: घंटागाडीत वेगळा आलेला ओला कचरा किती किलो, किती छपरे पांढरी झाली, टँकरच्या किती खेपा, दुपारी बाजारातल्या पाणपोईचे किती माठ रिते झाले. शक्य असेल तर दोन प्रभागांत काम करा आणि त्यांच्यासारख्याच दोन प्रभागांत करू नका, म्हणजे फरक पावसामुळे पडला की तुमच्यामुळे, याचा अंदाज येईल. आकडा हलला नाही तर तसे लिहा. फसलेल्या प्रयोगाची दोन पाने शेजारच्या नगरपालिकेला यशाच्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी असतात, पण अशी दोन पाने आपल्याकडे कोणी लिहीत नाही.

शेवटी तारखांचे. उष्णतेचे काम एप्रिलमध्ये सुरू करणे म्हणजे वरात निघाल्यावर घोडा शोधणे. पहिली बैठक डिसेंबरात, वही जानेवारीत, तरतूद पालिकेच्या अर्थसंकल्पात, छपरांचा चुना फेब्रुवारीत, गाण्याची चाल मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पुराचे काम 1 मेच्या ग्रामसभेत, गणपतीचा आढावा 2 ऑक्टोबरच्या. गावात राहत असाल तर उन्हाळ्यासाठीची तुमची ग्रामसभा 26 जानेवारीची आहे. तिची नोटीस सात दिवस आधी लागते आणि नोटिशीत नसलेला विषय ऐनवेळच्या गर्दीत बुडतो. ग्रामसेवकाकडे अर्ज त्याआधी द्या: एक जागा, एक त्रास आणि गावातल्या एका कलावंताचे नाव, एवढ्या तीन ओळी पुरेत.